रखमाजी ढाकणे यांनी ब्रेक तपासिला त्याची हकीकत

॥ श्रीचक्रपाणी समर्थ ॥

चालत्या चाकाचा जो धनी आणि थांबत्या चाकाचाही जो धनी, त्यास प्रथम नमन. थोरांनी विचारिले की, रखमाजी ढाकणे पुरातन सरदार, त्यांनी मालकांच्या घरचे लग्न अडवोन ट्रक उभा केला, हे वर्तमान खरे की बाजारगप्प? ऐशास जैसे घडले तैसे, तिखटमीठ मापात घालोन, लिहितो. ऐकावे.

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी, घाटमाथ्यावरील एके संस्थानी श्रीमंत भुजंगराव महाराज एकवीस ट्रकांचे धनी होवोन सुखे राज्य करीत होते. त्यांचे पदरी रखमाजी ढाकणे सरदार. मिशा भरघोस, आवाज हॉर्नासारिखा, आणि तीस वर्षे तोच घाट उतरोन अंगास ओरखडा नाही ऐसा लौकिक. त्यांचे ट्रकाचे नाव गजलक्ष्मी. रखमाजींची तपासणी म्हणजे सकाळी येवोन आरशास लिंबू-मिरची बांधावी, सुकाणूस हात जोडावे आणि पुढील टायरास एक लाथ घालावी. कोणी पुसिले तर म्हणत, "लाथेच्या आवाजावरून हवा कळते आम्हाला. तुमची यंत्रं तुमच्यापाशी ठेवा." ऐसे चालत असता शेजारील संस्थानचा एक ट्रक घाटात ब्रेक न लागोन दरीत गेला, आणि त्याचा सरदार झाडास अडकोन वाचला, परंतु दोन्ही पाय अधू जाहले. हे वर्तमान येताच महाराज दोन दिवस नीट जेवले नाहीत, आणि मग हुकूम फर्माविला की, उद्यापासोन एकही ट्रक तपासल्यावाचोन दरवाजाबाहेर पडो नये, खुद्द आमचा असला तरी पडो नये. आणि या कामी चौबळबाई म्हणोन शिकलेल्या तपासनीस नेमिल्या. वय कोवळे, चष्मा जाड, बोलणे मऊ, परंतु नजर चिमट्यासारिखी. त्यांनी बावीस कलमांचे तपासपत्र छापविले. टायर, चाकाचे नट, तेल, पाणी, दिवे, वायपर, आरसे, ब्रेक, आग विझविण्याचे नळकांडे, औषधाची पेटी, येणेप्रमाणे कुल कलमांपुढे सरदारांनी रोज प्रातःकाळी स्वतः पाहोन खूण करावी आणि सही द्यावी.

रखमाजींस हा मोठा अपमान वाटला. म्हणाले, "तीस वर्षं गाडी हाकली, आता बाळबोध गिरवायचं?" आणि मग त्यांनी युक्ती काढिली की, सोमवारीच चहाच्या टपरीवर बसोन शनिवारपर्यंतची सहा तपासपत्रे एका बैठकीत भरावी, बावीस कलमांपुढे बावीस खुणा, खाली झोकदार सही. महिनाभर हे निभावले. परंतु चौबळबाईंनी ओळखिले की, चहाचा डाग सहाही कागदांवर एकाच जागी कैसा पडतो? त्यांनी चार वेळा एकट्यास गाठोन सांगितले, रखमाजी हो म्हणत आणि तैसेच करीत. पुढील छपाईत मात्र सतरावे कलम घातले की, हौद्यावर अंबारी घट्ट बांधिली आहे काय, आणि अठरावे घातले की, हत्तीस सकाळचा गूळ दिला काय. रखमाजींनी दोहोंपुढे खुणा करोन सही ठोकिली. मग शनिवारी भर दरबारी, महाराज बसले असता आणि अवघे सरदार उभे असता, बाईंनी तो कागद मोठ्याने वाचिला. महाराज गंभीर होवोन पुसते जाहले, "रखमाजी, गूळ दिलास हे चांगलं केलंस. पण हत्ती कुठं आहे?" रखमाजींस काही उमजेना. त्यांनी सवयीप्रमाणे सांगितले, "कामावर गेलाय, मालक." तेव्हा दरबारात जो हशा उसळला तो पत्र्याच्या छपरावरील कबुतरे उडोन जाईपर्यंत थांबला नाही.

त्या दिवशी रखमाजी डबा न उघडता गजलक्ष्मीच्या सावलीत बसोन राहिले. चौबळबाई आपण होवोन तेथे आल्या. रखमाजी मान खाली घालोन म्हणाले, "बाई, चारचौघांत एवढी थट्टा कशाला केलीत? एकट्याला बोलावून झापलं असतं तरी चाललं असतं." बाई बोलिल्या, "काका, चार वेळा एकट्याला सांगितलं. तुम्ही चारही वेळा हो म्हणालात. घाटात काही झालं तर हसायला कोणी उरत नाही, म्हटलं इथंच हसून घेऊ." रखमाजी धोतर झटकोन उठले. मग म्हणाले, "चला, दाखवा तुमची बावीस कलमं." आणि दोघांनी मिळोन गजलक्ष्मी पाहिली, तो डावीकडील वळणाचा दिवा केव्हा मेला होता कोण जाणे, हवेच्या गाळणीत उंदरीण बाळंत होवोन पाच पिलांसह नांदत होती, आणि औषधाचे पेटीत तंबाखूची पुडी व गेल्या दिवाळीचा चिवडा निघाला. मागील चाकाचे दोन नट हाताने फिरले. ते फिरताच रखमाजींचे तोंड उतरले, कारण त्याच चाकांवर ते आदले दिवशी घाट गात गात उतरले होते.

तेथून रखमाजी पालटले, आणि पालटले ते मर्यादेबाहेर पालटले. हातोडीने एकेक नट वाजवोन कान लावीत, तेल बोटावर घेवोन वास घेत, चाकामागे चाक ऐसे न्याहाळीत की सोयरिकीस मुलगी पाहावी. बाकी सरदार त्यांस वैद्यराज म्हणू लागले. रखमाजींनी मनावर घेतिले नाही.

मग माघमासी महाराजांची कन्या केतकी इचे लग्न निघाले. मांडव घाटाखाली, वराचा गाव त्याहीपलीकडे, मुहूर्त दुपारी बारा वाजोन वीस मिनिटांचा. रुखवत, तांब्याच्या घागरी, लाडवांच्या सोळा टोपल्या आणि सव्वाशे खुर्च्या गजलक्ष्मीत भरिल्या, बाकीचे वीस ट्रक कामावर दूर गेलेले. सकाळी आठास महाराज जरीचा फेटा बांधोन आले तो रखमाजी ट्रकाखाली, आणि पाय मात्र बाहेर. त्यांनी ब्रेकच्या हवेचा काटा पुरता चढविला होता, मग एंजिन बंद करोन ब्रेकच्या पायपट्टीवर वेळूची काठी रोवोन दुसरे टोक बैठकीस टेकविले होते, आणि आपण खाली निजोन कान देत होते. मागील चाकाजवळ नागासारिखा फूत्कार ऐकिला. हवेची नळी लोखंडास घासोन चिरली होती. रखमाजी बाहेर येवोन म्हणाले, "मालक, गाडी निघायची नाही. ब्रेकची हवा जातेय."

महाराज बोलिले, "अरे, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्त टळला तर दुसरा निघेल, मालक. घाट टाळता यायचा नाही."

"मी सांगतो, काढ गाडी."

"तुम्हीच सांगितलंय, खुद्द तुमची असली तरी काढू नको म्हणून."

ऐसे उत्तर होताच महाराज लाल जाहले. या घरचे अन्न रखमाजींनी तीस वर्षे खाल्ले होते, परंतु त्यांनी किल्ली खिशात घट्ट धरिली. महाराज गर्जले, "हेच चाक फिरवून मी मालक झालो. आवारातच एक चक्कर मारून दाखवतो, काय होतंय ते!" आणि कचेरीतील दुसरी किल्ली आणवोन, जरीच्या फेट्यासह वर चढोन एंजिन सुरू केले. रखमाजी ओरडले, "मालक, काटा खाली आलाय, चढू तरी द्या!" परंतु कोण ऐकतो. मग त्यांनी धावोन सोयरे, वाजंत्री आणि उतारावर उभ्या राणीसाहेब सुलोचनाबाई या अवघ्यांस बाजूस काढिले. गजलक्ष्मी हलली. महाराजांनी एकदा ब्रेक दाबिला, लागला. दुसऱ्यांदा दाबिला, अर्धा लागला. तिसऱ्यांदा पाय खाली जावोन टेकला आणि ट्रक आपले मर्जीने उतारास लागला, आणि महाराज "अरे, अरे, अरे" म्हणत जुन्या टायरांच्या ढिगात जावोन शिरले. घागरी वाजल्या, टोपल्या कलंडल्या, आणि लाडू अंगणभर धावले. वाजंत्र्यांस वाटले नवरदेव आला, त्यांनी सनई धरिली.

महाराज धड होते. फेटा मात्र गळ्यात उतरला होता. सुलोचनाबाई जवळ गेल्या आणि शांतपणे पुसत्या जाहल्या, "अहो, घाटात असा टायरांचा ढीग असतो का हो?" महाराजांनी दरीकडे पाहिले आणि गळ्यातील फेटा काढोन ठेविला. खाली उतरोन म्हणाले, "रखमाजी, कागद आण. ब्रेकपुढं काय लिहिलंस?" रखमाजी म्हणाले, "ठीक नाही." महाराजांनी सरदाराच्या सहीखाली आपली सही केली, आणि कागद चौबळबाईंच्या हाती दिला.

मग उस्मान मिस्त्री, इस्त्रीचा पांढरा सदरा घालोन लग्नास निघालेले, ते तैसेच ट्रकाखाली शिरले आणि काळे होवोन बाहेर आले, तो नवी नळी बसली होती. रखमाजींनी पुन्हा काठी रोविली, पुन्हा खाली निजले. फूत्कार नाही. काटा जागचा हलेना. तेव्हा ठीक म्हणाले, आणि अकरा वाजोन गेल्यावर गजलक्ष्मी दरवाजाबाहेर पडली. घाट संथ उतरली. बाराचा मुहूर्त टळलाच. भटजींनी पंचांग चाळोन तिसऱ्या प्रहरी दुसरा काढिला. वरबाप प्रथम फुगोन बसले, परंतु हकीकत ऐकोन त्यांनीच रखमाजींस पहिल्या पंगतीस ओढोन नेले, आणि अक्षता पडल्या.

सायंकाळी पाठवणीची वेळ आली. फुलांनी मढविलेली मोटार उभी, केतकी आईचे गळ्यात पडोन रडत होती, आणि इतक्यात सर्वांनी पाहिले की रखमाजी नव्या धोतरानिशी मोटारीखाली निजले आहेत. वराकडील मंडळी पुसू लागली, "हे कोण?" महाराज म्हणाले, "थांबा. त्यांचं होऊ द्या." रखमाजींनी नट पाहिले, चाके पाहिली, ब्रेक दाबवोन पाहिला, आणि मोटारीस एक प्रदक्षिणा घातली. एका फेरीत काम होते, परंतु त्यांनी दुसरी घातली, कारण ते ठीक म्हणताच मोटार निघणार होती, आणि तान्हेपणी या पोरीस त्यांनी सुकाणूशी मांडीवर बसविले होते. केतकी रडता रडता हसली. म्हणाली, "रखमाकाका, ठीक आहे ना?" रखमाजींनी मिशीवरील पाणी पुसले आणि म्हणाले, "ठीक आहे, बाय. जा सावकाश."

येणेप्रमाणे हकीकत जाहली. पुढे त्या संस्थानचे ट्रक अर्धी घटका उशिरा निघत आणि घरी परतत. ज्यास उशीर खुपतो त्याने हे दोनदा वाचावे, ज्यास खुपत नाही त्याने एकदा वाचोन आपले वाहनाखाली वाकोन पाहावे. बहुत काय लिहिणे, लेखनसीमा.