पायपेटी आणि सायक्लोन

"हे काय उचलून आणलंस?" डार्लीननं स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

वेंडेल क्रॅमर पिकअपजवळ घाम पुसत उभा होता. पिकअपच्या मागच्या हौद्यात दोरखंडानं करकचून बांधलेली एक भलीमोठी पायपेटी होती. जुन्या चर्चमध्ये असते तसली, वर आरसा आणि दोन्ही अंगांना मेणबत्त्या ठेवायच्या फळ्या.

"पायपेटी," वेंडेल म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. गाडी कुठाय?"

वेंडेलनं दोरखंडाची गाठ सोडवायला घेतली. गाठ त्यानंच मारली होती, तरी ती त्याला सुटेना.

"वेंडेल, मी तुझ्याशी बोलतेय. आज गाडीचं विचारल्याशिवाय परत येणार नाही, असं सकाळी अंडी खाताना कोण म्हणालं होतं?"

"अगं, विचारणारच होतो. अगदी तोंडापर्यंत आलं होतं."

"मग?"

"मग तोंडातून पायपेटी बाहेर पडली."

डार्लीननं कपाळावर हात मारला. तिचं काय चुकलं सांगा. त्या घरात आधीच एक शवपेटीएवढा डीप फ्रीझर येऊन पडला होता, परसात कोंबड्यांचं खुराडं झालं होतं, आणि त्या कोंबड्यांबरोबर आलेला कोंबडा वेंडेलला पाहिलं की पिंढऱ्यांवर धावून जायचा. हे सगळं एकाच घरातून आलं होतं. मक्याच्या शेतापलीकडे राहणाऱ्या विधवा ओपल हॉवर्थबाईंच्या.

आणि हे सगळं कशापायी? तर ओपलबाईंच्या कोठारात, ताडपत्रीखाली झाकलेल्या एका गाडीपायी. १९७० सालची मर्क्युरी सायक्लोन.

आता आमच्या इंडियानात जुन्या दणकट गाड्यांचं वेड कुणाला नाही? पण त्या वेडातही भेदभाव आहे. चार-दोन नावाजलेल्या गाड्यांभोवती जत्रेत ही गर्दी, आणि सायक्लोन कोपऱ्यात उभी असली तर लोक तिच्या टपावर कॉफीचा कप ठेवून गप्पा मारतात. वेंडेलला याचा मनापासून संताप यायचा. अठरा वर्षांचा असताना तो पेट्रोल पंपावर कामाला होता. एका संध्याकाळी तिथं केशरी रंगाची सायक्लोन आली. ती बघता बघता याचं इतकं भान हरपलं, की टाकी भरून पेट्रोल खाली सांडलं तरी याला पत्ता नाही. गाडीचा आवाज त्याला अजून आठवत होता. चालवत कोण होतं, ते मात्र काही केल्या आठवत नव्हतं.

नंतर त्याची सगळी उमर कारखान्यात दारांचे पत्रे ठोकण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ओपलबाईंकडे टोमॅटो आणायला गेला असताना कोठाराच्या अर्धवट उघड्या दारातून त्याला ताडपत्रीखालून डोकावणारे मागचे दिवे दिसले. ते त्यानं लगेच ओळखले. बायकोचा वाढदिवस विसरणारा माणूस, पण ते दिवे त्यानं ओळखले!

तेव्हाच सरळ विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण कोठारातल्या गाड्या हुडकणाऱ्या आमच्या मंडळींचा एक नियम आहे. डोनटच्या दुकानात बसणारी सगळी म्हातारी टोळी त्या नियमाची शपथ घालते. गाडीकडे बघायचं नाही. गाडीचं नाव काढायचं नाही. आपल्याला तीच हवी आहे असं मालकाला कळलं, की संपलं सगळं. आधी दुसऱ्याच कशाचं तरी कौतुक करायचं, आणि मग जाता जाता, जांभई देत म्हटल्यासारखं म्हणायचं, "ते ताडपत्रीखाली काय पडलंय हो?"

वेंडेलनं नियम तंतोतंत पाळला. फक्त ते 'जाता जाता' काही जमेना. त्यानं फ्रीझरचं कौतुक केलं. ओपलबाई म्हणाल्या, "आवडला? घेऊन जा, बाळा," आणि तो 'नको' म्हणेपर्यंत फ्रीझर त्याच्या पिकअपमध्ये होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं, जपून, कोंबड्यांचं कौतुक केलं. जिवंत जनावर कोण असं देऊन टाकतं? ओपलबाईंनी दिलं, वर कोंबडाही दिला. दोन्ही हातांत फडफडणाऱ्या कोंबड्या धरून जांभई देता येत नाही.

म्हणून आज त्यानं दिवाणखान्यातल्या पायपेटीचं कौतुक केलं होतं. त्याचा हिशेब असा, की पायपेटी त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, हॅरोल्डची. नवऱ्याची आठवण बाई देणार नाहीत. मग त्या नाही म्हणाल्या, की जरा नाराज झाल्यासारखं करून गाडीकडे वळायचं.

ओपलबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हॅरोल्डची पायपेटी? तुला आवडली? खरंच?" आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईनं बाह्या सरसावल्या. "ट्रक दाराशी लाव. जड बाजू मी धरते!"

"अरे, तुला तोंड दिलंय ना देवानं?" डार्लीन म्हणाली. "सरळ विचार की, बाई, गाडी विकता का? एवढं एकच वाक्य."

"तुला त्यातलं कळत नाही, डार्लीन. असं सरळ विचारत नसतात."

"आणि पायपेटी आणतात?"

पायपेटी दिवाणखान्यात गेली. वेंडेलची आवडती खुर्ची तिच्यासाठी बाहेर ओसरीवर आली. पायपेटीच्या भात्यात पाय न मारताही हवा भरलेली राहायची, आणि तिची एक पट्टी अशी होती, की दाबली की अडकायची आणि भोंग्यासारखी वाजतच राहायची. जवळून कुणी पाय आपटत गेलं, तरी ती अडकायची. मग वेंडेलनं गुडघ्यावर बसून ती चाकूनं वर काढायची, आणि बाहेरून कोंबड्यानं साथ द्यायची, असा त्या घराचा नवा दिनक्रम झाला.

पण खरा घाव पुढेच होता. डोनटच्या दुकानात कुणीतरी बोललं, की पलीकडच्या काउंटीतला नॉर्बर्ट शीट्झ गाड्या वाहायचा ट्रेलर घेऊन हॉवर्थबाईंच्या रस्त्यावर घिरट्या घालतोय. वेंडेलचा डोनट घशात अडकला. नॉर्बर्ट म्हणजे गाडी विकत घेणार, सुटे भाग करून विकणार, आणि उरलेल्या सांगाड्यावर बसून बिअर पिणार. वेंडेल तसाच उठला. नियम गेला खड्ड्यात! आज विचारायचंच.

ओपलबाई ओसरीवर मटार सोलत बसल्या होत्या.

"ओपलबाई," वेंडेल धापा टाकत म्हणाला, "मला तुम्हाला एक सरळ गोष्ट विचारायची आहे."

"बस आधी. बरं झालं आलास. माझं डोकं नुसतं तापलंय बघ. तो नॉर्बर्ट शीट्झ येऊन गेला. अर्धा तास माझ्या कपडे पिळायच्या यंत्राचं कौतुक करत होता. कौतुक यंत्राचं, आणि जीव सगळा त्या ताडपत्रीत! गिधाडं मेली. हॅरोल्ड गेल्यापासून रांग लागलीय नुसती. कुणाला माझे टोमॅटो नकोत, कुणाला मी जगले की मेले याच्याशी देणंघेणं नाही." त्यांनी मटार सोलता सोलता आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "एक तू तेवढा वेगळा. इतक्यांदा कोठारात आलास, पण गाडीकडे मान वळवून पाहिलं नाहीस. तुझ्यासारख्या माणसांवर जग चाललंय, बाळा. हं, काय विचारणार होतास?"

जे वाक्य वेंडेलनं तीन उन्हाळे जपून ठेवलं होतं ते त्याच्या जिभेवर होतं, आणि आता ते उच्चारलं तर तोही नॉर्बर्ट शीट्झच ठरणार होता.

"मटार... मटार सोलू लागू का?" तो म्हणाला.

त्यानं टोपलीभर मटार सोलले. मग नॉर्बर्ट पुन्हा आला तेव्हा ओपलबाईंच्या सांगण्यावरून वेंडेलनंच फाटकाशी जाऊन त्याला हाकललं. "बाईंना गाडी विकायची नाहीये," असं तो खणखणीत आवाजात बोलला, आणि बोलता बोलता त्याचं काळीज पार फाटलं. घरी आला तो जेवलाच नाही. मीटलोफ तसाच टाकून तो ओसरीवर खुर्चीत जाऊन बसला. आता विचारायचीही सोय उरली नव्हती. मरेपर्यंत त्या गाडीची राखण करायची, आणि तिच्याकडे बघायचंही नाही.

शनिवारी सकाळी कोंबडा स्वयंपाकघरात शिरला आणि त्यानं डार्लीनच्या नुकत्याच भाजलेल्या शुगर क्रीम पायमध्ये पाय दिला. डार्लीन त्याच्यामागे झाडू घेऊन धावली, तिच्या पावलांनी पायपेटीची पट्टी अडकली, आणि घरभर भोंगा सुरू झाला.

"बस्स!" डार्लीन ओरडली. "ही पेटी आज परत जाणार. मी जाते त्या बाईकडे आणि सांगते, तुमचा पसारा तुम्हाला लखलाभ."

"डार्लीन, बाईंचं मन दुखेल गं!"

"आणि माझं काय लाकडाचं आहे?"

ती पायीच, शेताच्या बांधावरून तरातरा गेली. वेंडेल चाकू घेऊन पायपेटीपुढे गुडघे टेकून बसला. पट्टी निघाली, पण भोंगा थांबला तरी कुठून तरी घुमल्यासारखा आवाज येतच होता. खोल, जाड, पोटातून येणारा. हा आवाज त्यानं अठराव्या वर्षी ऐकला होता.

तो बाहेर धावला. केशरी सायक्लोन वळण घेऊन अंगणात शिरत होती. रंग असा झळकत होता, की वर्षानुवर्षं कुणीतरी दर आठवड्याला पुसला असावा. आणि चालवत होती डार्लीन.

"अरे, ही उडते रे!" केस विस्कटलेली डार्लीन उतरत म्हणाली. त्याच्याशी लग्न झाल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असा आनंद वेंडेलनं पाहिला नव्हता. "माझी आहे. मला दिली त्यांनी."

"दिली? तू... काय केलंस काय तू?"

"काय करणार? म्हटलं, बाई, पायपेटी परत घ्या. तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, 'हॅरोल्डनं त्या पेटीवर मला जन्मभर छळलंय. हवं ते माग, पण तेवढी परत आणू नकोस.' मी सहज विचारलं, ती ताडपत्रीखालची गाडी कुणाची हो? तर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, 'माझी. माझ्या पगारातून घेतलेली. इतके लोक येऊन गेले, सगळे म्हणतात, तुमच्या नवऱ्याची गाडी. कुणाची असं विचारणारी तू पहिली.'"

वेंडेल मटकन पायरीवर बसला.

"दर शनिवारी चालवतात रे, सकाळी, कुणी उठायच्या आत. आता डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून द्यायची होती. म्हणाल्या, 'तरुणपणी एका पंपावर एका खुळ्या पोरानं माझ्या नव्या बुटांवर पेट्रोल सांडलं. गाडीकडे डोळे फाडून बघत होता, माझ्याकडे ढुंकून नाही.'"

वेंडेलचे कान लाल झाले. "आणि... मला कधी चालवता येईल?"

"त्याचं असं आहे," डार्लीन जरा अडखळली. "त्या म्हणाल्या, वेंडेलला त्रास देऊ नकोस. बिचाऱ्याला गाड्यांची आवड नाही. त्याला त्याची पायपेटी वाजवू दे."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तूही नॉर्बर्टच आहेस म्हणून?"

तेव्हापासून दर रविवारी, चर्च आटोपलं की ओपलबाई येतात, पुढच्या सीटवर बसतात, आणि दोघी आइस्क्रीम खायला जातात. "तू नको येऊस, बाळा, कंटाळशील," असं त्या वेंडेलला प्रेमानं सांगतात. वेंडेल मागे राहतो, गॅरेजचं दार लावतो आणि पेटीपुढे जाऊन बसतो.

परवाच्या रविवारी तो असाच बसलेला असताना दारावर थाप पडली. नॉर्बर्ट शीट्झ टोपी हातात घेऊन उभा होता.

"जरा इकडून चाललो होतो," तो म्हणाला. "काय रे वेंडेल, ही पायपेटी तुझी? वा! काय लाकूड आहे!"

वेंडेलनं त्याच्याकडे पाहिलं. नॉर्बर्टनं छत पाहिलं, कोंबड्या पाहिल्या, स्वतःचे बूट पाहिले. फक्त गॅरेजच्या बंद दाराकडे बघायचं त्यानं इतक्या कसोशीनं टाळलं, की मान आखडल्यासारखी झाली होती. आणि गॅरेज तर रिकामं होतं.

मग वेंडेलला कळलं. आपणही तीन उन्हाळे त्या कोठारात अगदी असेच उभे होतो. हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि ओपलबाई तेव्हा आंधळ्या नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पंपावरचा तो खुळा पोरही ओळखला असेल.

"कोंबड्याही झकास आहेत," नॉर्बर्ट म्हणाला.

वेंडेलनं सावकाश बाह्या सरसावल्या.

"ट्रक दाराशी लाव, नॉर्बर्ट," तो म्हणाला. "जड बाजू मी धरतो."