सोयऱ्यांची बिडी

केडगावच्या हॉटेलात ऐन दुपारी रंगनाथमामांनी बिडी शिलगावली, आणि काडी जणू मालक आसारामच्या काळजावरच ओढली गेली.

मामा साधं गिऱ्हाईक असते तर गोष्ट वेगळी. पण ते होते जामखेडहून आसारामच्या लेकीला, धनश्रीला बघायला आलेल्या मुलाचे सख्खे मामा. घरी दाटी नको, जेवणही थाटात होईल, म्हणून आसारामनं बघण्याचा कार्यक्रम हॉटेलातच ठेवला होता. आणि नेमकं आजच पुणे रस्त्यानं तंबाखूबंदीचं पथक फिरत होतं. आसाराम त्यांना एकदा सापडला होता. आता पुन्हा सापडला तर हॉटेलला टाळं. बिडी विझवावी तर सोयरीक जाते, जळू द्यावी तर हॉटेल.

"मामा," त्यानं हात जोडले, "बाहेर लिंबाखाली लई गार वारं हाय."

"आमी हितंच बरं हाय. बिडी माझी, छाती माझी. कुनाच्या बापाचं काय जातंय?"

जात होतं ते मुलीच्या बापाचं. पण सोयऱ्याला 'नको' म्हणायची रीत नाही. उलट भिंतीवरची 'धूम्रपान निषिद्ध' पाटी वाचून मामांना अपमान वाटायला नको, म्हणून आसारामनं हळूच तिच्यावर टॉवेल टाकला. ते पाहून पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी सिगारेटी काढल्या.

"अवो, हितं न्हाई चालत!"

"त्यांचं चालतंय ते? पावन्याला एक कायदा अन् आमाला दुसरा व्हय?"

तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातून कोंडीरामचा फोन आला. "आसाराम, पथक माझ्याकडं बसलंय. आता तुझाच नंबर."

आसाराम भटारखान्यात बायकोकडं धावला. "जयमाला, ऊद टाक! वास मारला पायजे."

घाबऱ्याघुबऱ्या जयमालानं घमेल्यातल्या निखाऱ्यांवर अख्खी पुडी उपडी केली. धूर उठला तो माघातल्या धुक्यासारखा. मऊ, दाट, माणसाला माणूस दिसेना. मुलाची आई विमलबाई पदरात खोकू लागली.

त्या धुरातून पोह्यांचा ट्रे घेऊन धनश्री आली. तिनं ट्रे ठेवला आणि हात पुढे केला.

"मामा, बिडी द्या. छाती तुमची, पन हवा सगळ्यांची हाय."

आसारामनं डोळे मिटले. उघडले तेव्हा बिडी पाण्याच्या ग्लासात तरंगत होती आणि पलीकडच्या दोन सिगारेटी मुकाट विझल्या होत्या. दारात पथकाचे साहेब उभे होते.

"कसला धूर हा?"

"ऊद, साहेब. पोरीला बघायला आलेत."

साहेबांनी नाक फेंदारलं, सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि खोकत बाहेर पडले.

हॉटेल वाचलं. सोयरीक मात्र लालबुंद चेहऱ्यानं समोर बसली होती. मामा उठायला लागले, तोच विमलबाई म्हणाली, "खाली बस, दादा. तीस वर्सं झाली, तुला हे बोलायची माझी छाती न्हाई झाली. पोरगी पसंत हाय आमाला."

आसारामनं पाटीवरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं. जयमाला साखर आणायला वळली.

"थांब, आई," धनश्री म्हणाली. "मला कुठं कुनी इचारलंय अजून?" मघापासून एक हात टेबलाखाली धरून बसलेल्या नवऱ्या मुलाकडे ती वळली. "रविराज, तो हात जरा वर घ्या की."

हात वर आला. पाठोपाठ, टेबलाखालून, धुराची एक बारीकशी निळी रेघ.