लपण्याचा परवाना : पत्ता ठळक अक्षरांत लिहावा

लपावे, पण रीतसर लपावे, यातच समाजाचे भले आहे.

इंटरनेटवर आपले ठिकाण लपवणे हा गुन्हा आहे, असा काही अडाणी लोकांचा समज आहे. साफ खोटे! गुन्हा आहे तो विनापरवाना लपण्याचा. परवाना आमच्याच कार्यालयात मिळतो (जिना चढून डावीकडे, बाण उजवीकडे दाखवतो, त्याचे मनावर घेऊ नये). अर्जासोबत राहता पत्ता, दाराचा फोटो, जवळची खूण आणि घरी हमखास सापडण्याची वेळ द्यावी लागते. माणूस कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर तो लपलाय हे आम्ही ओळखायचे कसे? नंतर अर्ज तीस दिवस फलकावर लावतात, कुणाची हरकत असल्यास कळावी म्हणून. शंभरातले नव्वद अर्जदार सुनावणीआधीच ज्याला हवे त्याला सापडतात. याला म्हणतात कार्यक्षमता.

मध्यंतरी एक शिवणकाम करणारी बाई आली. नवऱ्याने हात मोडला म्हणून घर सोडलेली. मोबाइलवर ऑर्डरी घ्यायची, ठिकाण लपवून. परवाना नाही म्हणून आम्ही तिचे मोबाइलवरचे दुकान बंद केले होते.

"साहेब, पत्ता तेवढा लावू नका हो. तो वाचेल. आता सापडले तर जिवंत ठेवायचा नाही."

"ताई, उगाच घाबरता," हेडक्लार्क मायेने म्हणाले. "फलकाला काच आहे. कागदाला कुणी बोटसुद्धा लावू शकत नाही."

कागद मी स्वतः लावला. चारही कोपरे सरळ.

तिसऱ्या दिवशी नवरा आला. काय सभ्य माणूस! माझ्याकडून पेन मागून घेतले, पत्ता उतरवला, पेन परत केले. हल्ली कोण करतो? त्याने हरकतही घेतली नाही, तशी नोंद आहे.

सुनावणीला बाई आली नाही. इस्पितळातून तिची बहीण आली, बाकावर बसून राहिली. बाई गैरहजर म्हणून अर्ज फेटाळला, अशी बोंब काहीजण मारतात. आम्ही इतके निर्दय नाही. अर्ज फेटाळला तो एकशे बारा सुजाण नागरिकांच्या हरकतींमुळे. सगळ्यांचा मजकूर एकच : "कर नाही त्याला डर कशाला?"

त्यातली सत्तेचाळिसावी हरकत, वाचक महाशय, आपली. एरवी हे वाक्य आपण चहा पिताना नुसतेच म्हणता, या वेळी सही करून दिलेत. कार्यालय आभारी आहे.