अंतराळात हवा

बायकोले गेम लावून द्यायची बुद्धी मले काहून झाली, देव जाणे. माझी अपेक्षा लय छोटी होती. संध्याकाळी रायपूरजवळच्या उरला इंडस्ट्रियल एरियातून, रोलिंग मिलच्या डिस्पॅच ऑफिसातली सगळी धूळ अंगावर घेऊन घरी आलो की मले निवांत मॅच पाहू द्यावी, बस्. म्हणून पोरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर रॉकेट उडवायचा गेम होता, तो विनीताले लावून दिला. म्हटलं, दोन-चार रॉकेटं फोडेल, कंटाळेल अन् चहा करायले उठेल.

ती कंटाळली नाही. थोड्याच दिवसांत तिचं रॉकेट पृथ्वीभोवती फिरून राहिलं होतं अन् चहा मी करून राहिलो होतो.

त्याचंही मले काही नव्हतं. (चहा मी चांगला करतो. कोणी म्हणत नाही, पण करतो.) खरी कटकट सुरू झाली ती अर्जुनपासून.

हा अर्जुन पुण्याचा. कानाले हेडफोन लावून विनीता त्याच्याशी बोले अन् दोघं मिळून वर अंतराळात एक स्टेशन बांधून राहिले होते. हे मले माहीत नव्हतं. मी एक दिवस दारातून फक्त एवढंच ऐकलं, "हळू ये... अजून जवळ... आता सोडू नको... जोडलं! अर्जुन, जोडलं आपलं!" अन् मग ती हसली. माझ्या कोण्या गोष्टीवर ती अशी हसल्याचं मले आठवत नाही. (माझ्यावर हसते. पण ते वेगळं.)

"काय जोडलं?" मी आत जाऊन विचारलं.

"डॉकिंग झालं! माझं यान अन् त्याचं यान."

"अन् हा कोण?"

"पुण्याले कॉलेजात शिकवते. काय सुंदर समजावून सांगते हो! दोन पोरींचा बाप आहे, पण आवाज कसा एकदम तरुण."

दोन पोरींचा बाप असला म्हणून काय झालं? बाप तर मीपण आहो. माझ्या आवाजाले आजवर कोणी सुंदर म्हटलं नाही. जळलो मी. सरळ सांगतो, पार जळलो. आमची पोट्टी राधिका माझ्या तोंडाकडे पाहून म्हणते, "पापा, आप जल रहे हो क्या?"

"मी? काहून जळू?" असं म्हणून मी रिमोट समजून चष्म्याचं डबडं टीव्हीकडे धरलं.

मग ठरवलं, आपणही शिकायचं. विनीता भाजी आणायले गेली की मी कॉम्प्युटरवर बसायचो. पहिल्यांदा स्पेसबार दाबला तर रॉकेट जमिनीवरच उभं राहिलं अन् वरून पॅराशूट उघडलं. दुसरं रॉकेट उडालं, पण थोडं वर जाऊन त्याले काय आठवलं माहीत नाही, वळून खाली आलं. शेवटी लाज सोडून तिलेच विचारलं, की बाबा समोरच्या यानाले गाठायचं कसं?

"ब्रेक लावायचा," ती म्हणाली. "वेग कमी केला की खालच्या कक्षेत जातो, अन् तिथून पुढं निघतो."

उरल्याच्या रस्त्यावर असं केलं तर मागचा ट्रक डोक्यावरून जाईल. पण मी 'हव' म्हटलं. (आमच्या रायपुरात 'हो'ले 'हव' म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुण्यात कोणाले माहीत नाही.)

मग आला तो रविवार. स्टेशनचा शेवटचा तुकडा जोडायचा होता. विनीताची कितीतरी संध्याकाळची मेहनत. अर्जुनचं यान जवळ येऊन राहिलं होतं, अन् नेमका खाली सिलिंडरवाला आला. तिनं हेडफोन माझ्या कानाले लावला. "कशाले हात लावू नका. अर्जुनने विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच सांगा."

ती गेली अन् कानात आवाज आला, "विनीता, मी थांबू का?"

विनीता! ताई नाही, वहिनी नाही, नुसती विनीता!

"विनीता खाली गेली. मी बोलून राहिलो. तिचा नवरा."

"अरे वा, नमस्कार काका! मग थांबू ना मी?"

तिले विनीता अन् मले काका! मी दात-ओठ खात म्हटलं, "हव."

"काय हवं?"

"हव!"

"हवा? काका, अंतराळात हवा नसते."

"मले शिकवतो का बे? हव म्हणजे हव!"

"अहो, पण तुम्हाला हवा कशाला हवी आहे? थांबू की नको, एवढंच सांगा. मी फार जवळ आलोय!"

तो खरंच जवळ आला होता. मले राहवलं नाही. पॅराशूट उघडलं की वेग कमी होते, एवढं तर मी शिकलो होतो. स्पेसबार दाबला. स्टेशनले जोडलेल्या आमच्या यानाचं इंजिन सुटून गेलं. पुन्हा दाबला. पॅराशूट उघडलं अन् तसंच लोंबकळत राहिलं.

"काका, पॅराशूटला हवा लागते!" अर्जुन ओरडला.

"मग मी केव्हाचं काय म्हणून राहिलो!"

तेवढ्यात आमचं सुटलेलं इंजिन त्याच्या यानावर आदळलं, यान स्टेशनवर, अन् स्टेशनचे तुकडे पृथ्वीभोवती फिरायले लागले.

विनीता वर आली तेव्हा मी हेडफोन काढून मांडीवर घेऊन बसलो होतो. तिनं स्क्रीन पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मी जळून राहिलो होतो," मी म्हणालो. "तू त्याच्याशी बोलताना हसते. माझ्याशी बोलताना विचारते की दूध आणलं का."

ती खुर्चीवर बसली अन् हसली. तेच हसू, दारातून ऐकलं होतं ते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एवढंच होतं तर आधी सांगायचं नं! चला, आता आमच्यासंग तुम्हीपण."

खरंच घेतलं हो मले! नवीन रॉकेट बांधलं, आत बसवलेल्या अंतराळवीराले माझंच नाव दिलं, 'वासुदेव', अन् अलगद वर सोडलं. मी तिच्या बाजूले खुर्ची टाकून ऐटीत बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांले सांगून आलो, की आपण कक्षेत आहो म्हणून.

बरेच दिवस झाले तरी माझा वासुदेव वर फिरूनच राहिला होता. शेवटी विचारलं, "त्याले खाली कधी आणता?"

विनीताने माइकमध्ये विचारलं, ऐकलं अन् माझ्याकडे वळून म्हणाली, "अर्जुन म्हणते, काकांना वरच राहू दे. तिथून त्यांचा हात कीबोर्डपर्यंत पोचत नाही."