तिसावा स्क्रू

सकाळी आठ वाजता संगणक जोडून पूर्ण झाला आणि तपासनीसांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. "आता मी ह्याला हात लावणार नाही," असं जाहीर करून ते हात धुवायला निघून गेले.

तपासनीस म्हणजे लिफ्ट तपासनीस. पस्तीस वर्षं शहरभरच्या लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं तपासून ते निवृत्त झाले, पण हुद्दा काही अंगावरून उतरला नाही. त्यांच्या खात्यात एक नियम होता: ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. भल्याभल्या ठेकेदारांपुढे त्यांनी हा नियम वाकवला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी जोडलेल्या संगणकासाठी तर तो मुळीच वाकणार नव्हता.

घरात दुसरं माणूस एकच, त्यांची बायको. तीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळल्यामुळे तिला ओळखीपाळखीतले सगळेच सिस्टर म्हणत. आज अकरा वाजता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर तिचं पहिलं ऑनलाइन व्याख्यान होतं. जुन्या संगणकाने महिन्यापूर्वीच मान टाकली होती. सिस्टर सरळ नवा आणायला निघाली होती, पण "मी घरीच जोडतो की, आत काय असतं ते तरी कळेल," म्हणून तपासनीसांनी तिला अडवलं होतं. व्याख्यानाची सगळी चित्रं आणि तक्ते एका पेन ड्राइव्हमध्ये होते आणि तो पेन ड्राइव्ह सकाळपासून तिच्या मुठीत होता.

"जोडलंय ना? मग दाबा बटण," सिस्टर म्हणाली.

"जोडलंय म्हणूनच नाही दाबत. तू तपास. सत्तावीस जोडण्यांची यादी केलीय. मी वाचतो, तू हात लावून बघ आणि घट्ट असेल तर खूण कर."

"अहो, मला ह्यातलं काय कळतंय?"

"कळत नाही तेच बरं. कळणारा माणूस न बघताच हो म्हणतो."

सिस्टरने चष्मा चढवला. पंख्याची वायर, पडद्याची वायर, रॅमची पट्टी असं एकेक पार पडत गेलं. मधूनच ती विचारी, "ही एवढी जाड वायर कशाला?" मग तपासनीस यादी विसरून वीज कुठून येते आणि कुठे जाते ते सांगत बसत. सत्तावीस खुणा होईपर्यंत साडेनऊ वाजले.

"झालं. आता बटण," तपासनीस हात चोळत म्हणाले.

"थांबा. मोजणी झाली का?"

"कसली मोजणी?"

"स्क्रूंची. किती आणले, किती आत गेले, किती उरले. मोजल्याशिवाय मी आजवर एकाही पेशंटला टाके घालू दिलेले नाहीत. मोठमोठ्या सर्जनना हातमोजे घालून उभं ठेवलंय."

हे मात्र तपासनीसांना मनापासून पटलं. पाकिटावर तीस लिहिलं होतं. आत बसवलेले एकवीस. उरलेले सिस्टरच्याच, थिएटरात सुया ठेवायच्या चुंबकाच्या वाटीत होते, ते भरले आठ.

"एक कमी आहे," सिस्टर म्हणाली.

"कारखान्यातच कमी टाकला असेल."

"असं थिएटरात कोणी म्हटलं असतं ना, तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं."

दोघांनी पुन्हा मोजलं. पुन्हा आठ. सिस्टरने वाटीत बोट फिरवून एकेक स्क्रू उचलला आणि परत ठेवला, तरी आठच. वाटीवर संशय घ्यायची सोय नव्हती, कारण "माझ्या वाटीतून आजवर सुई गेलेली नाही," असं तिने काल रात्रीच बजावलं होतं. मग राहता राहिलं संगणकाचं पोट. आत एखादा स्क्रू नको तिथे पडला असेल आणि वर वीज सोडली, तर महिन्याभराची मेहनत एका ठिणगीत संपणार, हे तपासनीसांनीच तिला मघाशी समजावून सांगितलं होतं.

त्यांनी संगणकाचा खोका उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं. उलटा करा."

खोका उलटा केला. त्यातून स्क्रू पडला नाही, पण पंख्याची वायर निसटून लोंबायला लागली. शिवाय खुळखुळ कसली ते समजेना, म्हणून पंखा काढला. पंख्याखाली काही नव्हतं, म्हणून रॅम काढली. मग मुख्य बोर्डाखाली बघायला हवं म्हणून तोही काढला. काढायला लागले की तपासनीसांना वेळेचं भान राहत नसे. खुळखुळ खोक्याच्या एका सैल जाळीची निघाली. ती कशी बसवलीय ह्याचं त्यांना इतकं कुतूहल वाटलं की त्यांनी तीही काढून पाहिली. मान वर केली तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती आणि संगणक पांढऱ्या चादरीवर तुकड्या-तुकड्यांनी पसरला होता.

सिस्टरने मूठ उघडली, पेन ड्राइव्हकडे पाहिलं आणि तो टेबलावर ठेवून दिला. तिने चार शब्द सुनावले असते तर तपासनीसांना बरं वाटलं असतं. पंधरा दिवस ती आरशासमोर उभी राहून व्याख्यान म्हणत होती, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"माझ्यामुळे झालं गं," ते म्हणाले.

"नंतर बोलू. तुमचा फोन द्या आणि तो बिस्किटांचा डबा पुढे घ्या."

डब्याला टेकून फोन उभा राहिला. त्यात चाळीस चेहरे दिसायला लागले. फोन इतका खाली होता की त्या चाळीस जणांना सिस्टरची हनुवटी आणि वरचा पंखा एवढंच दिसत असावं. चित्रं नाहीत, तक्ते नाहीत. सिस्टरने एकदा समोरच्या पसाऱ्याकडे नजर टाकली, फोन उचलून पसाऱ्यावरून आणि तपासनीसांवरून फिरवला, पुन्हा डब्याला टेकवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आजचा विषय, टाके घालण्याआधीची मोजणी. पेशंट टेबलावर उघडा आहे. हे पेशंटचे नातेवाईक. यांना खरं तर बाहेर बसवतात, पण घर यांचंही आहे."

फोनमधून हसू आलं. तपासनीसांनी मुकाट्याने नमस्कार केला.

पुढची वीस मिनिटं सिस्टर पाठ केलेलं सगळं विसरली आणि मनातलं बोलली. एकाने मोठ्याने मोजायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी मोजायचं. आकडा जुळला नाही तर घाईचं कारण कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. "आता ही वाटी बघा," म्हणत तिने चुंबकाची वाटी फोनसमोर उंच धरली. "ह्यात आठ आहेत. असायला हवेत नऊ. नववा कुठे शोधाल?"

एका मुलीचा आवाज आला. "सिस्टर, वाटी तशीच धरा. तिच्या बुडाला काहीतरी चिकटलंय."

तपासनीसांनी वाकून पाहिलं. वाटीच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूला, स्क्रू निवांत चिकटून बसला होता. आतले मोजताना वाटी कोणी उचललीच नव्हती.

सिस्टरने तो सोडवून तळहातावर घेतला. आता ती काय सांगते, हे ऐकायला तपासनीस चाळीस विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त उत्सुक होते.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "वाटी माझी होती, म्हणून मी ती उलटी करून पाहिली नाही. जिच्यावर आपला सगळ्यात जास्त भरवसा, ती वस्तू आधी तपासायची." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "यांच्या खात्यात असाच नियम आहे. तो मला आज समजला."

तपासनीसांना एकदम भरून आलं. ते रुमाल शोधायला उठले आणि शोधता शोधता स्वयंपाकघरात गेले.

दुपारभर दोघांनी मिळून संगणक पुन्हा जोडला. ह्या वेळी सिस्टरने जोडलं आणि तपासनीसांनी तपासलं. सत्तावीस खुणा झाल्या, तीस स्क्रू भरले. चार वाजता तपासनीसांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, त्यावर पांढरी अक्षरं उमटली. दोघं शेजारी शेजारी बसून ती अक्षरं वाचत राहिले.

"छान झालाय हो," सिस्टर म्हणाली. "आता ह्याच्यावर तुम्ही काय करणार?"

तपासनीस विचारात पडले. महिनाभर त्यांनी फक्त आत काय असतं एवढंच पाहिलं होतं. चालू झाल्यावर काय, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजच्या प्राचार्यांचा होता. सिस्टर दोन मिनिटं "हो, हो" करत राहिली आणि फोन ठेवून अपराधी चेहऱ्याने नवऱ्याकडे वळली.

"उद्या दुसऱ्या तुकडीला हेच व्याख्यान हवंय. पेशंटसकट. पण तुमचा संगणक आत्ताच कुठे सुरू झालाय, मी त्यांना नाही म्हणून..."

तपासनीसांनी तिचं वाक्य पुरतं होऊ दिलं नाही. संगणक बंद करून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलासुद्धा होता.

"नाही कशाला? किती वाजता उघडून हवाय, तेवढं विचार."