पुन्हा सुरू करा

आमच्या आरमाराच्या एका युद्धनौकेने भर दुपारी, लख्ख उजेडात, एका मालवाहू जहाजाला धडक दिली. सुदैवाने कोणी दगावले नाही. प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख म्हणून चौकशी समितीत मी होतो. त्या वेळी नौका ज्याच्या हाती होती तो अधिकारी माझा जावई असल्याने मी कटाक्षाने निःपक्षपाती राहायचे ठरवले होते. निघताना बायको म्हणाली, "त्याची नोकरी गेली, तर दोघं सामानसुमान घेऊन आपल्याच दोन खोल्यांत येतील. काय ते बघा."

"समोरचं जहाज दिसलं नाही का?" अध्यक्षांनी विचारले.

"दिसलं की. स्पष्ट दिसलं, साहेब," जावई म्हणाला.

"मग वळवलं का नाही?"

"बटण शोधत होतो."

"कसलं बटण?"

"पुन्हा सुरू करा."

खुलासा मलाच करावा लागला. पूर्वी मुले समुद्रावर शिकायची. पण त्यात डिझेल जळे, मुलांना मळमळे, आणि लाटा वेळापत्रक पाळत नसत. म्हणून आम्ही वर्गातच पडद्यावरचा समुद्र आणला. धडक झाली की बटण दाबायचे. जहाज पुन्हा धक्क्याला, धुतल्या तांदळासारखे. गुण फक्त शेवटच्या प्रयत्नाचे. जावई पहिला आला होता.

"म्हणजे प्रशिक्षणात उणीव नव्हती," अध्यक्ष म्हणाले.

"उणीव जहाजात होती," मी नम्रपणे म्हणालो. "बटण बसवलेलंच नाही."

समितीला हे पटले. थोड्याच दिवसांत सगळ्या नौकांवर लाल बटणे बसली. ती कशालाच जोडलेली नव्हती, पण अधिकाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला आणि त्यापाठोपाठ धडकाही वाढल्या. पुन्हा समिती बसली. नौका समुद्रात गेल्यानेच धडकतात, असा निष्कर्ष निघाला, आणि सगळ्या नौका धक्क्याला बांधून ठेवण्यात आल्या. तेव्हापासून एकही धडक नाही. प्रशिक्षणाचे हे यश पाहून मला पदक मिळाले. जावयाला, प्रत्यक्ष अनुभव असल्यामुळे, मी केंद्रात शिक्षक नेमले. घरात शांतता आहे.

आमची कीर्ती ऐकून एका वैद्यकीय महाविद्यालयाने हीच पद्धत उचलली. आता तिथली मुले शस्त्रक्रिया पडद्यावर शिकतात. बटण तेच.

परवा माझ्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिथल्याच एका तरुण सर्जनकडे गेलो.

"काका, बिनधास्त राहा," तो म्हणाला. "मी वर्गात पहिला आलोय."

बोलताना त्याचा हात टेबलाच्या कडेखाली काहीतरी चाचपत होता. मी गोळ्यांवरच भागवायचे ठरवले आणि ऑपरेशनची तारीख सोडून दिली.

ती तारीख वाया जाणार नाही, असे तिथल्या नोंदणीच्या बाईंनी सांगितले. यादीत माझ्यानंतर तुमचे नाव आहे. फोन आला असेलच.