गुरुजींचा उजवा हात

पेणच्या कारखान्यातून गणपती उचलला, गाडीत बसून मांडीवर घेतला, सून सुरभीने गाडी चालू केली, आणि तेव्हा कुठे विष्णुगुरुजींच्या लक्षात आलं की आज आपला उजवा हात मोकळा नाही.

महिनाभर ते सुरभीला रोह्याच्या मैदानावर गाडी शिकवत होते. पद्धत शाळेतलीच. पहिलीच्या पोरांचा हात धरून ते पाटीवर 'श्री' काढून घेत, तसंच इथे. "क्लच!" म्हणायचं, तिने पाय दाबायचा आणि शेजारून गिअर गुरुजींनी टाकायचा. एकदाही खरखर झाली नव्हती. सून हुशार आहे, असं ते गावभर सांगत.

आज खरं तर मुलगा श्रेयस चालवणार होता, पण तो कंपनीत शिफ्टला अडकला. आणि मूर्ती घरातल्या थोरल्या माणसानेच मांडीवर आणायची, घरी पोचेपर्यंत खाली ठेवायची नाही, ही घरची रीत. वर मूर्तिकाराने बजावलं होतं, "गुरुजी, लोडाचा सोनेरी रंग अजून कच्चा हाय. पाटाला धरा, लोडाला हात नका लावू."

गिअरच्या मुठीवरचा आकडा बघून सुरभीने पहिला गिअर टाकला. इंजिन ओरडायला लागलं.

"दुसरा टाक."

सुरभीने मान खाली घातली.

"अगो, समोर बघ!"

"समोर बघितलं तर आकडा कसा दिसेल, अप्पा?"

चौथा पडला. गाडीला हुडहुडी भरली आणि ती भर बाजारात बंद पडली. मागे रिक्षांची रांग लागली. शेवटी कसाबसा दुसरा सापडला, आणि पुन्हा हरवायला नको म्हणून सुरभीने तो सोडलाच नाही. हायवेवर एक ट्रॅक्टरही त्यांना मागे टाकून गेला.

खांब गावच्या गतिरोधकावर ती क्लच विसरली. गाडी पुन्हा बंद. मागच्या भाजीच्या टेम्पोतून एक माणूस तणतणत आला आणि खिडकीशी येऊन एकदम हसला. "गुरुजी? मी जनू! तुमचा इद्यार्थी!"

"जनू, जरा हिला गिअर सांग रे. माझे हात अडकलेत."

"महिनाभर अप्पाच टाकत होते," सुरभी हळूच म्हणाली.

"अजून हात धरताव व्हय?" जनू म्हणाला. "वहिनी, माझा 'श्री' शाळेत झ्याक यायचा. घरी आयला दाखवाया गेलो का यायचाच नाय. तिला वाटं, पोरगा लबाड हाय."

गुरुजींनी मनातल्या मनात हिशेब केला. चौतीस वर्षं, दर वर्षी चाळीस पोरं.

"इंजिन बंदच ठेवा," जनूने सांगितलं. "क्लच पुरा दाबा. हात हलका. एक, दोन, तीन, चार. न बघता. आता उलटं."

सुरभीने दहा वेळा केलं. मग म्हणाली, "अप्पा, आता रोह्यापर्यंत काही बोलू नका हं."

गाडी निघाली. एकदा कर्रर्र झालं. गुरुजींनी दात आवळले, मूर्ती घट्ट धरली. पुढे इंजिनचा आवाज ऐकून तिने स्वतःच तिसरा टाकला, मग चौथा. कोलाडला वळताना वेग कमी करून, न सांगता दुसऱ्यावर आली. गुरुजींना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या मनात एवढंच आलं, की ही दहा मिनिटांत शिकली. महिनाभर मध्ये मीच होतो.

घरी गुरुजींच्या पत्नी रोहिणीबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, मूर्ती घेतली, तोंडावरचा रुमाल काढला आणि थबकल्या. "अहो, या लोडाचा रंग कुठे गेला?"

मूर्ती धड होती, पण उजव्या लोडावर मूठभर जागा पांढरी पडली होती. गुरुजींनी हात उघडला. तळवा सोनेरी.

सुरभीने लोड पाहिला, तळवा पाहिला. "अप्पा, बाप्पाला कितव्या गिअरवर आणलंत?"

"कोलाडनंतर," गुरुजी ओशाळून म्हणाले, "चौथ्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरभी दुर्वा आणायला निघाली. तिने गाडीत आपल्या शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं. गुरुजींनी ते हळूच लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.